सायकलचं हँडल: उंचीच्या आधी मनगट बघा

सायकल चालवताना हात दुखतात म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "हँडल वर घे." मीही तेच केलं होतं. सपाट दांड्याचं हँडल काढून त्या जागी चांगलं उंच उठावाचं बसवलं. पाठ मोकळी झाली, मान दुखायची थांबली. पण तासाभराने करंगळीत मुंग्या यायच्या, त्या येतच राहिल्या आणि मनगटं आधीपेक्षा जास्त ठणकू लागली. कारण कळायला बरेच दिवस गेले. मी हात वर आणले होते, पण वळवले नव्हते.

आरामशीर हँडल निवडताना हीच गोष्ट निसटते. उंची डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिच्याकडे बघतो. मुठींचा रोख कुठे आहे, हे दुकानात उभं राहून जाणवत नाही. ते दहा-पंधरा किलोमीटरनंतर मनगट सांगतं.

बादली आणि जोर

दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन चालताना कड्या कशा असतात ते आठवा. त्या पुढून मागे जातात, किंचित आत कललेल्या. कोणीही कडी शरीराला आडवी धरून बादली उचलत नाही, कारण तसं धरलं की मनगटाला पीळ बसतो. आता जोर मारतानाची स्थिती आठवा. शरीर पुढे झुकलेलं, हात लांब, वजन तळव्यांवर. तिथे तळवे आडवे टेकवणं सोयीचं वाटतं.

सायकलवर बसण्याच्या सगळ्या पद्धती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडतात. पुढे झुकून, हात लांब करून चालवत असाल तर आडवा दांडा चालतो. ताठ बसलात की हात अंगाजवळ येतात आणि त्यांना बादलीच्या कडीसारखी मूठ हवी असते. म्हणजे जेवढं ताठ बसणार, तेवढा हँडलला मागचा बाक, म्हणजे मुठी चालवणाऱ्याकडे वळण्याचा कोन, जास्त हवा. माझ्या उंच हँडलमध्ये नेमकं हेच चुकलं होतं: बसायचं बादलीवाल्यासारखं आणि मूठ धरायची जोर मारणाऱ्यासारखी.

स्वतःचा कोन शोधायला दोन पेन्सिली पुरतात. उभे राहा, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा आणि हात सैल सोडा. पेन्सिलींची अंगठ्याकडची टोकं पुढे आणि थोडी आत वळलेली दिसतील. आता कोपरातून हात हळूहळू उचला, जिथे मुठी असाव्यात असं वाटतं तिथपर्यंत. मनगट मुद्दाम वळवू नका. अंगठ्याकडचं टोक थोडं वर उचललं जाईल, करंगळीकडचं थोडं खाली झुकेल. तुमच्या मुठींना साधारण हीच दिशा हवी आहे. आता पेन्सिली जाणूनबुजून पूर्ण आडव्या करा. कोपराजवळ पीळ बसल्यासारखं वाटेल, आणि तो भास नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात आणि तळवा जमिनीकडे वळवला की त्यांतलं एक दुसऱ्यावरून ओलांडून जातं. थोडा वेळ ते ठीक असतं, पण तासभर त्याच स्थितीत हादरे खाणं वेगळं.

कोणतं बोट बधिर होतं?

हा प्रश्न हँडल घेण्याआधी स्वतःला विचारायलाच हवा.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, तर तळव्याच्या बुडावर भार पडतोय. तिथे अल्नर नावाचा मज्जातंतू एका अरुंद वाटेतून हातात शिरतो. फेलिक्स गायॉन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६१ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती वाट त्याच्या नावाने ओळखली जाते. आडव्या दांड्यावर वजन टाकलं की ते नेमकं या वाटेवर येतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मामला मीडियन नावाच्या दुसऱ्या मज्जातंतूचा असतो. मनगट बराच वेळ वरच्या बाजूला दुमडलेलं राहिलं, की त्याच्यावर ताण येतो. ब्रेकचे दांडे फार वर फिरवून ठेवलेले असले तरी मनगट असं दुमडतं. ते थोडे खाली फिरवायला एक पाना आणि दोन मिनिटं लागतात.

सायकलवरून उतरल्यावर काही वेळात बधिरपणा गेला नाही, किंवा बाटलीचं झाकण उघडण्यासारख्या कामात हाताची ताकद कमी वाटू लागली, तर हँडलचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक तपासणी फुकटात होते. सीटचं टोक खाली कललेलं आहे का बघा. तसं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरत असता आणि ते घसरणं हातांनी थोपवत असता. हात दुखतात म्हणून हँडल बदललं आणि दोष सीटचा निघाला, असं खूपदा होतं. आधी सीट सपाट करून दोन-तीन दिवस चालवून बघा. तेवढ्यानेच दुखणं थांबलं, तर या लेखाचा पुढचा भाग फक्त माहितीसाठी वाचा.

बाजारातली नावं आणि त्यांचा अर्थ

सपाट हँडलला मागचा बाक अगदीच नसतो असं नाही. बहुतेकांना ५ ते ९ अंश असतो. राइझर म्हणजे तेच हँडल, फक्त मधून दोन्ही बाजूंना उचललेलं, बाक तेवढाच. म्हणून नुसता राइझर लावून ताठ बसणाऱ्याचं मनगट सुखावत नाही. पाठीला मात्र फरक पडतो, आणि ज्याचं दुखणं फक्त पाठीचं किंवा मानेचं आहे त्याला एवढंच पुरेल.

ताठ बसणाऱ्यांसाठीचं जुनं, कसोटीला उतरलेलं हँडल म्हणजे नॉर्थ रोड. नाव इंग्लंडमधल्या एका जुन्या सायकल क्लबवरून आलं. मधून थोडं पुढे जातं, मग ऐसपैस वळण घेऊन दोन्ही टोकं चालवणाऱ्याकडे येतात. मुठी जवळजवळ सायकलच्या लांबीला समांतर असतात, अगदी बादलीच्या कड्यांसारख्या. घरोघरी दिसणाऱ्या जुन्या काळ्या सायकलींची हँडलं याच घराण्यातली, आणि जपानच्या निट्टो कंपनीचं अल्बाट्रॉस हे त्याचंच आधुनिक रूप. याचा मला सर्वात आवडणारा गुण असा की धरायला एकापेक्षा जास्त जागा मिळतात. निवांत चालताना मागच्या मुठी, समोरून वारा असला की पुढच्या वळणावर हात नेऊन थोडं झुकायचं. एकाच जागी हात जखडून ठेवण्यापेक्षा दर दहा मिनिटांनी पकड बदलता येणं मनगटासाठी फार मोलाचं आहे.

पोर्तर हा प्रकार फ्रान्समधल्या वर्तमानपत्रं पोहोचवणाऱ्या सायकलस्वारांकडून आला. आकार नॉर्थ रोडच्या जवळचा, पण हँडल मध्यभागी जिथे पकडलेलं असतं त्यापेक्षा मुठी वर नसतात, बहुधा खालीच येतात. मनगटाला दिशा योग्य मिळते आणि पाठ किंचित झुकलेली राहते. ज्यांना पूर्ण ताठ बसायचं नाही, पण सपाट हँडल सोसत नाही, त्यांनी याचा विचार जरूर करावा.

मधला मार्ग साधारण ४५ अंशांच्या बाकाचा. जोन्सचं एच-बार हे त्यातलं सर्वात ओळखीचं नाव. हे रुंद असतं, खडबडीत वाटेवर ताबा चांगला राहतो आणि मनगटही नैसर्गिक दिशेच्या बरंच जवळ येतं. शहरात आणि मातीच्या रस्त्यावर एकच सायकल चालवणाऱ्यांना मी आधी हेच सुचवेन.

फुलपाखरू हँडल, म्हणजे इंग्रजी आठ आकड्यासारखं वळवलेलं, लांबच्या प्रवासासाठी लोकप्रिय आहे. पकडी भरपूर मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच आडव्याच असतात. आणि खांद्याच्या उंचीला मुठी नेणारी ती प्रचंड उंच हँडलं? फोटोत ती छान दिसतात, पण मुठी कोपरांच्या वर गेल्या की खांदे आपोआप उचलले जातात आणि दुखणं मनगटातून मानेत सरकतं. मुठी कोपरांच्या पातळीवर किंवा थोड्या खाली, आणि कोपरं किंचित वाकलेली, एवढं जमलं की उंची पुरेशी झाली.

हात किती मागे येतील?

मागे वळलेलं हँडल लावल्यावर सर्वात जास्त निराशा इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा आत्ता सपाट हँडल आहे आणि ते धरणारा स्टेम, म्हणजे फ्रेमपासून हँडलपर्यंतचा तो छोटा हात, ९ सेंटीमीटर लांब आहे. सपाट हँडलच्या थोड्या बाकामुळे मुठींचा मध्य पकडीच्या, म्हणजे स्टेम हँडलला जिथे धरतो त्या जागेच्या, साधारण ३ सेंटीमीटर मागे पडतो. म्हणजे तुमचे हात चिमट्याच्या नळीच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, स्टेम जिला जोडतो ती नळी) ६ सेंटीमीटर पुढे आहेत. आता त्याच स्टेमवर असं हँडल लावलं, ज्याच्या मुठींचा मध्य पकडीच्या १५ सेंटीमीटर मागे आहे. हात नळीच्या ६ सेंटीमीटर मागे आले. दोन्हींतला फरक १२ सेंटीमीटर. तेवढ्याने बसण्याची जागा एकदम आखूड होते, कोपरं फासळ्यांना लागतात, आणि चढावर किंवा वळताना गुडघा मुठीवर आदळतो. "ताठ हँडल मला मानवलं नाही" असं म्हणणाऱ्या अनेकांची खरी अडचण ही असते. हँडल बरोबर असतं, पण ते पुढे न्यायचं राहून गेलेलं असतं.

उपाय दोन: लांब स्टेम लावायचा, किंवा मागे वळण्याआधी भरपूर पुढे जाणारं हँडल निवडायचं. सीट मागे ढकलून हा हिशोब जुळवू नका. सीटची जागा पेडलच्या हिशोबाने ठरते, हँडलच्या नाही. ती बिघडवली की गुडघे तक्रार करतात.

नेमकी जागा शोधण्यासाठी सायकल भिंतीला टेकवा आणि कोणाला तरी ती घट्ट धरायला सांगा. सीटवर नेहमीसारखे बसा, एक पाय पेडलवर ठेवा, डोळे मिटा आणि हात हवेत जिथे आपोआप थांबतात तिथे थांबू द्या. दुसऱ्या माणसाने मुठीपासून सीटच्या टोकापर्यंत आणि मुठीपासून जमिनीपर्यंत अंतर मोजून लिहून घ्यायचं. तीन-चारदा करा, कारण पहिल्या वेळी आपण जुन्या हँडलच्या सवयीने हात पुढे नेतो. मग आत्ताच्या मुठींची हीच मापं घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे नव्या हँडलने भरून काढायचं अंतर. हँडलच्या वर्णनात उठाव, पोहोच (हँडल किती पुढे जातं ते) आणि बाक दिलेले असतात. या दोन आकड्यांशी ते ताडून बघता येतात.

रुंदीबद्दल एक बारकावा. सपाट हँडल रुंद वाटलं तर टोकं कापता येतात. मागे वळलेल्या हँडलची टोकं कापली तर रुंदी फारशी कमी होत नाही, मूठ तेवढी आखूड होते. म्हणून इथे रुंदी आधीच नीट निवडावी लागते. पूर्ण मागे वळलेल्या हँडलला खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त पुरतं. ४५ अंशांच्या हँडलला त्याहून रुंदी लागते.

अर्ध्या मिलिमीटरचे भांडण

हँडल आवडलं, पण ते सायकलला बसेल का? मापं थोडी आहेत, पण त्यांत हयगय चालत नाही.

हँडल मध्यभागी जिथे पकडलं जातं तिथला व्यास बहुधा २५.४, २६.० किंवा ३१.८ मिलिमीटर असतो. अलीकडच्या डोंगरी सायकलींत ३५ मिलिमीटरही दिसतो. २५.४ आणि २६.० यांत फक्त ०.६ मिलिमीटरचा फरक आहे, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. बोल्ट आवळला की बसल्यासारखं वाटतं आणि खड्ड्यात जोर पडला की हँडल गोल फिरतं. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, मोजा, अंदाजावर जाऊ नका. २५.४ चं हँडल ३१.८ च्या स्टेममध्ये योग्य पट्टी घालून बसवता येतं. उलटं करता येत नाही.

मुठीचा व्यास वेगळा. सपाट आणि मागे वळलेल्या बहुतेक हँडलांना तो २२.२ मिलिमीटर असतो, त्यामुळे साधे ब्रेक लिव्हर आणि गिअरचे दांडे चालतात. रेसिंग सायकलच्या खाली वळलेल्या हँडलचा व्यास २३.८ असतो, त्याचे लिव्हर इथे बसणार नाहीत. ते हँडल काढून ताठ लावायचं असेल तर नवे लिव्हर लागतील आणि ते तुमच्या ब्रेकशी जुळणारे हवेत. व्ही-ब्रेकला जास्त केबल ओढणारा लिव्हर लागतो, जुन्या कॅलिपर ब्रेकला कमी ओढणारा. जोडी चुकली तर ब्रेक एक तर लागतच नाही, किंवा दगडासारखा घट्ट वाटतो.

स्टेमला एकच बोल्ट असेल आणि समोरची टोपी निघत नसेल, तर अख्खं हँडल त्या भोकातून सरकवावं लागतं. जास्त वळणाचं हँडल मध्येच अडकतं. घेण्याआधी हे विचारा.

उंची वाढवायची मुभा स्टेमच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीचा स्टेम नळीच्या आत खोचलेला असतो आणि वर ओढता येतो, पण त्यावर कोरलेली कमाल उंचीची रेघ कधीही बाहेर दिसता कामा नये. ती दिसली म्हणजे आत धातू पुरेसा उरलेला नाही. नव्या पद्धतीत स्टेम नळीला बाहेरून पकडतो. तिथे नळी जेवढी कापून ठेवली आहे तेवढीच उंची. स्टेम उलटा करून, किंवा वरच्या कोनाचा स्टेम घेऊन थोडी वाढते. नळी कार्बनची असेल तर वाढवायचे जोड लावू नका.

ॲल्युमिनियमचं हँडल वाकवून आकार बदलायचा मोह कधीच करू नका. जोरात आपटलेलं हँडल वरून ठीक दिसलं तरी बदला. ॲल्युमिनियम फारशी सूचना न देता तुटतं, आणि हँडल तुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

ताठ बसण्याची किंमत

ताठ बसणं सगळ्यांसाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

वजन हातांवरून उठतं ते थेट सीटवर जातं. ओटीपोट मागे फिरतं आणि भार बसण्याच्या दोन हाडांवर येतो. झुकून चालवण्यासाठी घेतलेली अरुंद, लांब टोकाची सीट आता टोचू लागेल. मागून रुंद सीट लागेल. आणि पाठ उभी असताना खड्ड्याचा हादरा कण्यातून सरळ वर जातो, तर झुकलेल्या पाठीत तो हातापायांत वाटला जातो. ज्यांची कंबर आधीच नाजूक आहे त्यांना पूर्ण ताठ बसून कधीकधी जास्त त्रास होतो. त्यांनी थोडं झुकलेलं पोर्तर किंवा ४५ अंशांचं हँडल बघावं, आणि कोणतंही हँडल घेतलं तरी चौकटीत मावतील तेवढे जाड टायर, थोडी हवा कमी ठेवून, वापरावेत. हँडलवर खर्च करायचा आणि टायर दगडासारखे ठेवायचे, याने आराम मिळत नाही.

डच सायकलींकडे बघून अनेकांना ताठ हँडल हवंसं वाटतं. पण त्या सायकलींत सीटखालची नळी बरीच मागे कललेली असते, त्यामुळे पेडल थोडे पुढे येतात आणि चालवणारा खुर्चीत बसल्यासारखा बसतो. साध्या चौकटीवर तेच हँडल लावलं तर तोल तसाच मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

वाऱ्याचं गणितही आहे. शांत हवेत वेग दुप्पट केला तर हवा कापायला आठपट ताकद लागते. ताठ बसलेली छाती म्हणजे एक शीडच. तासाला पंधरा किलोमीटरच्या आसपास रमतगमत जाणाऱ्याला हे फारसं जाणवणार नाही. पंचवीसच्या वर राहणाऱ्याला मात्र रोज जाणवेल. मोठ्या चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं, तिथे हात पुढच्या वळणावर न्यावे लागतात.

बसवल्यावर

मुठींची मागची टोकं किंचित खाली झुकतील असं हँडल फिरवा, पेन्सिलींच्या चाचणीत करंगळीकडचं टोक झुकलं होतं तसं. पूर्ण सपाट ठेवलं तर मनगट करंगळीच्या बाजूला दुमडतं. मागे वळलेल्या हँडलला साध्या गोल ग्रिप बऱ्या. तळव्याला आधार देणाऱ्या पसरट ग्रिप सपाट हँडलसाठी बनवलेल्या असतात, इथे त्या चुकीच्या जागी टोचतात. बोल्ट कंपनीने छापलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळण्याच्या ठरलेल्या जोरानेच, आवळा. बऱ्याच स्टेमवर तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

मग सायकल जागेवर उभी ठेवून एक पेडल सर्वात वर आणा आणि हँडल त्याच बाजूला पूर्ण वळवा. मूठ गुडघ्याला लागत असेल तर हँडल अजून पुढे जायला हवं.

स्टेमपाशी हँडलवर चिकटपट्टीची एक खूण करा. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन फेऱ्यांनी हँडल अगदी थोडं फिरवून बघा आणि प्रत्येक वेळी नवी खूण करा. अर्ध्या तासानंतर हात आपसूक कुठे सरकतात ते बघा. ते मुठीच्या पुढच्या टोकाकडे जात असतील तर हँडल फार मागे आहे. अगदी मागच्या टोकाला लटकत असतील तर फार पुढे आहे.

या सगळ्या काळात केबल लांबच असू द्या, जरा बेढब वळण घेत असल्या तरी. जुन्या केबल नव्या हँडलला बहुतेक वेळा पुरत नाहीत, त्यामुळे नव्या घेताना सढळ हाताने घ्या. फक्त हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, की केबल कुठे ताणली जात नाही आणि ब्रेक आपोआप लागत नाही. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर नळी लांब लावून तेल भरून घ्यावं लागतं, म्हणून ते काम मेकॅनिककडे द्या. हँडलची खूण आठवडाभर हलली नाही, की मग केबल मापात कापा.